जंगलाचा पडदा धुतला त्यांनी

प्रिय मोठे बाबा,

खुशालीचं काही लिहीत नाही. तुम्हाला ते वाचायचा कंटाळा यायचा आणि मला ते लिहायला जमत नाही. सरळ कामाचं लिहिते.

परवा मुरलीभाऊ घरी आले होते. आपल्या नाट्य मंडळाचे अध्यक्ष आता तेच आहेत. हातात पेढ्यांचा डबा होता. गोंदियाला जिल्ह्यातल्या सगळ्या मंडळांचा मोठा कार्यक्रम ठरला आहे. दंडार, खडी गंमत, नाटक, चित्रं, मूर्ती, सगळं एकाच मैदानावर. आपल्या मंडळाला तिथे तुमचा जंगलाचा पडदा लावायचा आहे आणि त्यावर मोठ्या अक्षरांत तुमचं नाव घालायचं आहे. त्यासाठी घरच्यांचा होकार हवा होता.

मोठे बाबा, तो पडदा आता नाही. हे तुम्हाला कोणीतरी सांगायला हवं, म्हणून हे पत्र. मुरलीभाऊंना ते माहीत आहे. मंडळातल्या प्रत्येकाला माहीत आहे. तरी ते तुमचं नाव मागायला आले, खाटेवर बसले आणि मोठी आईला म्हणाले, "काकू, चहा जरा गोड करजा."

मला राग आला नाही. राग आला असता तर बरं झालं असतं. मला किळस आली.

तो पडदा तुम्ही रंगवलात तो उन्हाळा मला आठवतो. शाळेला सुट्ट्या होत्या म्हणून मोठा वर्ग तुम्हाला दिला होता. बाकं बाहेर, आत जमिनीवर पसरलेलं मांजरपाटाचं कापड. मोठी आई चुलीवर चिंचोक्याची खळ शिजवायची आणि तुम्ही ती खडूच्या भुकटीत कालवून कापडाला पहिला हात द्यायचात. मग सरस वितळवायचा, त्यात कोरडे रंग. त्या सरसाचा वास! मी दारातच नाक धरून उभी राहायची आणि तुम्ही म्हणायचात, "वास सोस, मंग जंगल दिसते."

खरंच दिसलं. आधी कोऱ्या कापडावर कोळशाच्या रेघा होत्या आणि दहावा दिवस उजाडेपर्यंत तिथे बांधाचं पाणी आलं. काठावर येनाचं झाड, पलीकडे मोहा, त्याच्या अलीकडे टेंभरून. पाणी प्यायला वाकलेलं हरीण. वर चंद्र, पण अर्धाच. "पूर्ण चंद्र कायले नाही?" मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "पूर्ण चंद्राखाली कोनी वाट चुकत नाही."

दुसऱ्या मंडळांच्या पडद्यावरची झाडं कुठल्याही देशातली असायची. तुमची झाडं ओळखू यायची. त्या वर्षी दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत, रात्रीच्या नाटकात नायिका जंगलात एकटी पडली, मोहाच्या बरोबर खाली बसून हुंदके द्यायला लागली, आणि मागून कोणीतरी ओरडलं, "अवं बाई, मोहाखाली कायले रडून राहिली? अस्वल येईन!" सगळा मंडप हसला. नायिकाही हसली. प्रॉम्प्टर पुढचं वाक्य सांगायचं विसरला. दिग्दर्शक तुमच्यावर चिडले आणि तुम्ही विडी ओढत विंगेत उभे राहून म्हणालात, "मी काय करू? झाड खरं हाय. नाटक खोटं हाय."

तुमच्या इतक्या बोलण्यांपैकी हे मला सगळ्यात आधी आठवतं.

महालाचा पडदा वाळवीने खाल्ला. रस्त्याचा आणि घराचा पडदा तुमच्या डोळ्यांदेखत फाटून गेला. राहिला एक जंगलाचा. तो तुम्ही मंडळाच्या खोलीत ठेवू दिला नाही. बांबूला गुंडाळून, मोठी आईच्या जुन्या लुगड्यात बांधून, कडुनिंबाचा पाला घालून घरातल्या आडव्या लाकडांवर ठेवला. मंडई आली की काढायचा, संपली की परत वर.

आता एक तक्रार करते. रागावू नका.

तुम्ही कोणालाच काही शिकवलं नाहीत. मंडळातले पोट्टे यायचे, बघत उभे राहायचे. तुम्ही त्यांना हाकलायचात. "हात नोको लावा. पानी नोको लागू देजा." एवढंच. एका मंडईत अवकाळी पाऊस आला तेव्हा तुम्ही अंगातला सदरा काढून पडद्यावर टाकलात आणि एकट्याने तो गुंडाळायला लागलात. मदतीला धावलेल्यांना शिव्या दिल्यात. पण पाणी का लागू द्यायचं नाही, ते एका शब्दाने सांगितलं नाहीत. सरस पाण्यात विरघळतो. रंग कापडाला सरसामुळे धरून असतो. सरस गेला की रंग गेला. दोन ओळींचं कारण आहे. मी डिप्लोमाला गेल्यावर ते मला कळलं. त्या पोरांना कोण सांगणार होतं? तुम्हाला वाटायचं, तुम्ही ओरडलात की पुरे. ओरडणाऱ्यासोबत त्याचं ओरडणंही जातं, मोठे बाबा.

नागपूरला मी काय काम करते ते तुम्ही नेहमी विचारायचात आणि नेहमी विसरायचात. पुन्हा सांगते. पुलासाठी, इमारतीसाठी जे काँक्रीट ओततात, त्याचे ठोकळे आमच्याकडे येतात. ते यंत्रात दाबून फोडायचे आणि कितीला फुटले ते लिहायचं. ठोकळा कोणाचा आहे, बांधणाऱ्याचा हेतू काय होता, हे लिहायची जागा तिथे नसते. मला ते काम आवडतं.

तुम्हाला आठवतं, मी तुम्हाला गोंदियात फ्लेक्स छापायचं यंत्र दाखवायला नेलं होतं? सडक अर्जुनीच्या ढाब्यांचे बोर्ड, ट्रकच्या मागची कमळं आणि मोर, सगळं काम तुमच्या हातून त्या यंत्राने काढून घेतलं होतं. मला वाटलं तुम्ही शिव्या द्याल. तुम्ही मात्र यंत्रासमोर इतका वेळ उभे राहिलात की दुकानदाराने विचारलं, "काका, कुछ छपवाना है क्या?" तुम्ही मान हलवलीत आणि मला म्हणालात, "रंग सपाट हाय. पन बेटा लबाड नाही. जसा हाय तसाच छापते."

फ्लेक्सशी माझंही भांडण नाही. हे आधी सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून तुम्हाला तसं वाटेल.

मागच्या पावसाळ्यात तुम्ही गेलात. मंडळाने ठरवलं की या वर्षीच्या मंडईत नाटकाआधी तुम्हाला श्रद्धांजली वाहायची, तुमच्याच पडद्यासमोर. मुरलीभाऊ चार जणांना घेऊन आले. "काकू, एका रोजाची गोष्ट हाय." मोठी आईने पडदा खाली काढू दिला. बांबूला हात लावून म्हणाली, "सांभाळून नेजा. पानी लागू देऊ नोका." म्हणजे तिनेही तुमच्यासारखंच सांगितलं. कारणाशिवाय.

मंडईच्या दिवशी दुपारी मी नागपूरहून उतरले. मोठी आईने नवं लुगडं नेसलं होतं. गावात पाहुण्यांची गर्दी, मंडईत जिलेबी, फुगे, कानातल्यांची दुकानं. दिवेलागणीला मंडपात गेलो. पहिल्या रांगेत आम्हाला बसवलं. दर्शनी पडदा वर गेला आणि मागे जंगल दिसलं.

मला सगळ्यात आधी दिसली ती लाल खुर्ची.

जंगलात, पाण्याच्या काठाशी, उजव्या कोपऱ्यात प्लॅस्टिकच्या लाल खुर्चीची पाठ होती. तिच्या शेजारी कोणाची तरी अर्धी टोपी. मला वाटलं स्टेजवर खुर्ची राहिली आहे. मग लक्षात आलं, ती चित्रातच आहे. मागच्या कुठल्यातरी मंडईत कोणी मोबाइलवर फोटो काढला होता. पुढे बसलेल्याची खुर्ची त्यात आली होती. तो फोटो मोठा करून छापला होता, खुर्चीसकट! फ्लेक्सच्या दोन पट्ट्यांचा जोड हरणाच्या गळ्यावर आला होता आणि हरणाला दोन हनुवट्या झाल्या होत्या. खाली डाव्या कोपऱ्यात, जिथे तुम्ही "पेंटर टीकाराम" लिहायचात आणि शेवटच्या अक्षराला शेपटी काढायचात, तिथे आता चार शुभेच्छुकांचे गोल फोटो होते. हात जोडलेले, गॉगल लावलेले.

भाषणं सुरू झाली. मी एकेक शब्द ऐकला.

"टीकारामजींच्या कुंचल्याची जादू आजही आपल्यासमोर आहे." "पाहा, एकेक पान जिवंत आहे." "या पडद्याला आम्ही तळहातावरच्या फोडासारखं जपलं." शेवटचं मुरलीभाऊंचं. बोलता बोलता त्यांनी मागे वळून त्या फ्लेक्सकडे हात केला. आवाज भरून आल्यासारखा केला. खुर्चीवर त्यांचा हात पडला. तरी थांबले नाहीत.

मंडळातले सगळे विंगेत उभे होते. मी त्यांचे चेहरे पाहिले. प्रत्येकाला माहीत होतं. टाळ्या सगळ्यात आधी तिथूनच येत होत्या.

मग मोठी आईला वर बोलावलं. शाल दिली, नारळ दिला. तुम्हाला आपल्या मंडळाची रीत माहीत आहे, तुमच्याच काळातली. नारळ घेतला की पडद्याला हात लावायचा आणि तो हात कपाळाला लावायचा. इतर गावांत नटराजाच्या फोटोला करतात, आपल्याकडे पडद्याला. मोठी आईला डोळ्यांनी आता नीट दिसत नाही, एका डोळ्याचं ऑपरेशन बाकी आहे. ती वळली, चार पावलं मागे गेली आणि पडद्याला तळवा लावला.

तिने हात काढला नाही. तळवा फिरवला. मग नखाने खरवडलं. माइक मुरलीभाऊंच्या हातात होता आणि ते तिच्या अगदी शेजारी होते, त्यामुळे सगळ्या मंडपाने ऐकलं.

"हे काय होय? हे तं ताडपत्री होय." आणि मग, "मुरली, पडदा कोठी हाय रे?"

मंडपात बाहेरच्या जिलेबीच्या कढईचा आवाज येत होता.

मुरलीभाऊंनी माइक तोंडाशी नेला. "काकूंना भरून आलं आहे," ते म्हणाले. "साहजिक आहे. जोरदार टाळ्या!"

आणि टाळ्या पडल्या, मोठे बाबा. मागून शिट्ट्याही आल्या.

मोठी आईला धरून खाली आणलं. ती माझ्या शेजारी बसली नाही. "घरी चाल," म्हणाली. नाटक बाकी होतं. आम्ही निघालो. फुग्यांच्या दुकानांमधून बाहेर पडलो. मग म्हणाली, "तुले दिसलं होतं?"

"हो."

"मंग सांगलं काऊन नाही?"

"खात्री करायची होती."

"हात लावल्यावाचून?"

ती पुढे म्हणाली, "तुयं शिकनं लय बढिया हाय, बाई. फक्त उशिरा लागते."

सकाळी मी बोडीच्या काठावर गेले. पडदा कुठे गेला हे तिथेच कळेल असं काही मनात नव्हतं. मंडळाच्या खोलीला कुलूप होतं आणि बोडी तिच्या मागेच आहे. सुमनमावशी कपडे धूत होत्या. मी पडद्याचं विचारलं. त्या हातातलं कापड आपटायचं थांबल्या.

"तुले नाही मालूम? अवं बाप्पा, काय पानी झालं होतं बोडीचं! आधी हिरवं. मंग निळं. मंग मातीवानी. म्या म्हटलं, कोनाच्या साडीचा रंग गेला एवढा?"

"कोणी धुतला?"

"पोट्ट्याइनं. मोटर लावली, पाइप धरला, सरफ टाकला. गाने लावले होते. मोठ्या खुशीत होते. माहा भाचाच सांगे, मोठ्या बाबाचा पडदा चमकावून देतो म्हने."

दरवर्षी मंडई जवळ आली की ते मंडळाचे फ्लेक्स असेच धुतात. मोटरचा पाइप, कपडे धुण्याची पूड, खराटा. धूळ जाते, फ्लेक्स नवा दिसतो. त्यांच्या आयुष्यात पडदा म्हणजे तेवढंच. तुमच्यासाठी त्यांनी त्यातलं सगळ्यात चांगलं केलं.

कापड मुरलीभाऊंच्या अंगणात सापडलं. धानाच्या पोत्यांवर टाकलं होतं. मी पोत्यांवरून ओढायला लागले तेव्हा ते बाहेर आले. सुमनमावशींचा भाचा तिथेच ट्रॅक्टरला ग्रीस लावत होता. तोही उभा राहिला.

मी विचारलं, "मोठी आईने सांगितलं होतं ना, पाणी लागू देऊ नका?"

भाच्याने मुरलीभाऊंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पावसाचं पानी तं लागू देल्लंच नाही, ताई," तो म्हणाला. "आम्ही तं साबनानं धुतलं."

त्याला खरंच तसं वाटत होतं. त्याचे डोळे भरले होते.

मुरलीभाऊ म्हणाले, "पोट्ट्याइनं श्रद्धेनं केलं, पोरी. मनात वाईट नव्हतं."

"ते मला कळलं. त्यानंतरचं सांगा."

"त्यानंतरचं म्हंजे?"

"फोटो कोणी शोधला? छापायला कोण गेलं? 'एकेक पान जिवंत आहे' हे कोणी लिहिलं?"

ते हसले. "मंडळ होय हे. मंडळात सगळे मिळून करतात."

यातली पोरांची चूक बाजूला काढली, तरी उरतं ते पुष्कळ आहे. ते सगळे एकत्र बसले. त्यांनी ठरवलं की तुमच्या बायकोला सांगायचं नाही. तिला नीट दिसत नाही हे त्यांना ठाऊक होतं आणि ते त्यांनी हिशेबात धरलं. तुमच्या सहीवर चार गोल चेहरे बसवले. आणि तिने हात लावून खरं ओळखलं तेव्हा त्या खऱ्यालाच टाळ्या वाजवून बुडवलं. मग वर नाटक केलं, रात्रभर. ऐकलं की चांगलं झालं. लोकांनी वन्स मोअर दिला.

तुम्ही या मंडळासाठी किती वर्षं फुकट काम केलंत ते मी इथे लिहीत नाही. तुम्ही म्हणाल, मी मागितलं होतं का?

कापड घरी आणलं. अंगणात पसरलं. मळकट पांढरं, खळीचे पोपडे निघालेले. येन नाही, मोहा नाही, हरीण नाही. फक्त बांधाचं पाणी होतं तिथे निळसर डाग राहिला आहे, नीळ धाग्यात मुरली होती तेवढी. मोठी आई खाली बसली, कापड नाकाशी नेलं.

"सरफाचा वास येऊन राहिला," म्हणाली.

मग आत गेली आणि कात्री घेऊन आली.

"थांब," मी म्हटलं.

"कायले थांबू? आता कापडच तं होय. चांगलं मांजरपाट हाय. गोधडीत घालीन."

तिने तिथेच बसून कापायला सुरुवात केली. मी दुसरं टोक धरलं, कापड ताणलं की कात्री नीट चालते म्हणून. मधेच एकदा तिने त्या निळ्या भागावर तळवा ठेवला. "इथं होतं न पानी?" मी हो म्हटलं. तिने तोही कापला.

आता परवाचं सांगते. मुरलीभाऊ आले तेव्हा ती गोधडी खाटेवर होती, अर्धी शिवलेली. ते तिच्यावरच बसले. आतला थर बाहेर दिसत होता, तरी त्यांना ओळखू आला नाही. चहाचा कप त्यांनी गोधडीवर ठेवला, तो कलंडला. ते घाईने रुमालाने पुसायला लागले.

"असू दे, मुरली," मोठी आई म्हणाली. "तुमीच तं धुतलं हाय."

त्यांचा रुमाल थांबला. त्यांनी गोधडीकडे पाहिलं, मग दुसरीकडे पाहिलं. आणि तरी विषय काढला! गोंदियाचा कार्यक्रम, हजारो लोक, मोठे पाहुणे. नवा फ्लेक्स छापणार, खुर्ची कॉम्प्युटरवर काढून टाकणार, शुभेच्छुक काढणार, आणि वर 'चित्रकार टीकाराम यांचा हाताने रंगवलेला पडदा' असं घालणार.

मी विचारलं, "हाताने रंगवलेला?"

"होता न?"

मोठी आई म्हणाली, "नाव तिच्या मोठ्या बाबाचं होय, पन बोलनं तिले येते. तिले इचार."

मी लगेच नाही म्हणणार होते. तेवढ्यात ते मला एक बोलले आणि ते खोटं नव्हतं, म्हणून तुम्हाला सांगते. ते म्हणाले, "पोरी, दुसरा पडदा हाय का तुझ्याजवळ? नाही न. बोर्ड गेले, ट्रक भंगारात गेले. हा फ्लेक्स नाही लागला तं टीकाराम नावाचा मानूस होता हे गोंदियात कोनाले समजन? सांग."

मी मोठी आईकडे पाहिलं. तिची सुई थांबली होती. तिला ते हवं होतं, मोठे बाबा. तुमचं नाव गोंदियात, मोठ्या मैदानावर, मोठ्या अक्षरांत. तुम्हाला हयातीत कोणी तिथे बोलावलं नाही हे ती विसरलेली नाही. हळूच म्हणाली, "नाव तं राहीन न, बाई?"

सगळ्यात कठीण तेच होतं. त्यांच्या खोटेपणाला नाही म्हणायला मला काहीच लागत नाही. तिला नाही म्हणायला लागतं.

तुम्ही काय म्हणाला असता? तुम्ही पेढा खाल्ला असता आणि "लावा लेको" म्हटलं असतं, हे मला माहीत आहे. तुम्हाला भांडण नको असायचं. पण तुम्ही नाहीत आणि मला विचारलं गेलं होतं.

मी म्हटलं, "नाव घाला. त्याच्या खाली तेवढ्याच अक्षरांत लिहा की हा मूळ पडद्याचा फोटो आहे आणि मूळ पडदा मंडळाने धुतल्यामुळे नष्ट झाला."

"असं कोनी लिहिते का, पोरी?"

"मग नाव घालू नका."

मुरलीभाऊ मोठी आईकडे वळले. "काकू, तुमी तरी समजावा हिले."

मोठी आईने सुईत दोरा ओवायचा प्रयत्न केला, जमला नाही, माझ्याकडे दिला. मग म्हणाली, "मी म्हन्तो, कोनं कोनं धुतला तेही लिहा. नाव घालून. फोटो लावून, गोल गोल. तुमाले हौस हाय न."

मला हसू आलं. कित्येक दिवसांनी. मुरलीभाऊ उठले. "मीटिंगमध्ये ठेवतो," म्हणाले.

आज सकाळी निरोप आला. मंडळाने मधला मार्ग काढला आहे. फ्लेक्स लागणार. तुमचं नाव नसेल. त्याऐवजी असेल: 'गावातील एका ज्येष्ठ कलावंताच्या कुंचल्यातून.' म्हणजे अट टळली आणि कुंचला राहिला. निरोप आणणारा म्हणाला, "तुमच्या मनासारखंच झालं न ताई, नाव काढलं."

हा निरोप मी मोठी आईला शब्दशः सांगितला. ती बराच वेळ गोधडीचा दोरा कातरत बसली. मला वाटलं ती मला दोष देईल. द्यायला हवा होता. माझ्या अटीमुळे तिच्या हातून तुमचं नाव गेलं.

ती म्हणाली, "गोंदियाची पहिली गाडी किती वाजता हाय?"

आम्ही दोघी जाणार आहोत. मी सुट्टी टाकली आहे. मला अनोळखी माणसांशी बोलता येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. लग्नाघरी मी भांडी मोजत बसायची, म्हणजे कोणाशी बोलावं लागू नये. माइक मागणार नाही, तमाशा करणार नाही. त्या फ्लेक्सच्या बाजूला उभी राहीन.

वचन देते, मोठे बाबा. त्या चित्रासमोर जो कोणी थांबेल, त्याला मी सांगेन की हे जंगल टीकाराम पेंटरने काढलं होतं. कशावर काढलं, कशाने काढलं, रंग कापडाला कशामुळे धरून होता आणि पाणी लागल्यावर काय झालं, कारणासकट सांगेन. कोणी धुतलं तेही सांगेन आणि ते मायेनेच धुतलं होतं हेही सांगेन. त्यानंतर टाळ्या कोणी वाजवल्या ते मोठी आई सांगणार आहे. तो भाग तिने मागून घेतला आहे.

कोणी विचारलं नाही, तरी सांगेन.

तुमची पुतणी,
प्रणाली